ठकूचा खांब

परबकाकांच्या हाती दोरी, सुतळी, वायर, काहीही लांबलचक लागलं की त्यांचा अंगठा आपोआप चालू व्हायचा. एकदा मी माझा फोनचा चार्जर त्यांच्याकडे विसरले. अर्ध्या तासानं काका दारात हजर. वायर अशी गुंडाळलेली, की दुकानातून आणली तेव्हाही ती इतकी नीट नव्हती. एकाला एक चिकटून वेढे, शेवटचं टोक आत खोचलेलं. "काका, एवढं कशाला करत बसलात?" मी म्हटलं. "वेढ्याक वेढो लागूक व्हयो गो. मधी हवा शिरली की मोटार जळली." हा चार्जर आहे, मोटार नाही, असं मी सांगून पाहिलं. "तुझ्यासाठी चार्जर," म्हणाले आणि चपला फटफटवत समोरच्या दारात शिरले.

विक्रोळी पूर्वेला आमची इमारत. तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर, आणि सोळा वर्षांत ती दिवसा फारशी बंद नसायची. काका मूळचे मालवणकडचे. इथल्याच एका मोठ्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म मोटारींच्या वाइंडिंगमध्ये काढला. म्हणजे मोटारीच्या पोटात तांब्याची तार वेढ्यावर वेढा देत हातानं बसवायची. कारखान्यानं त्यांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं, पण त्यांच्या हातांना ते कुणी कळवलंच नाही. सोसायटीच्या झाडूचे दांडे, जिन्याच्या कठड्याचं सैल टोक, माझ्या सासूबाईंची काठी, सगळ्यांवर सुतळीचे वेढे चढले. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, काठीवरची सुतळी अजून तसूभर सैल झालेली नाही. एरवी काका आमच्याशी आमच्यासारखंच बोलायचे, पण राग आला, माया आली किंवा कामाचं बोलणं निघालं की मालवणीवर यायचे. आणि कामाचं बोलणं दर पाच मिनिटांनी निघायचं.

ठकू ही त्यांच्या बायकोची, सुमनकाकींची मांजर. पाण्याच्या पंपामागं सापडलेलं हे तपकिरी-पांढरं पिल्लू काकींनी पदरात घालून वर आणलं आणि ते त्यांच्याच पायात वाढलं. काकी ओट्याशी उभ्या असल्या की ठकू त्यांच्या निऱ्यांना पाठ घासत बसायची, आणि काकी तिला शेजारपाजारच्या बातम्या द्यायच्या. माझ्याबद्दलच्याही देत असणार. काकांचा तिच्याशी संबंध एवढाच, की ती त्यांच्या खुर्चीत झोपलेली असली तर ते उभे राहत. "आमची वळख आसा, दोस्ती नाय," असं म्हणत.

एका थंडीत पंधरा दिवसांच्या आजारानं काकी गेल्या. घरात उरले काका, त्यांचा मुलगा महेश, सून श्वेता आणि मांजर. ठकू आठवडाभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. मग तिनं सोफा धरला. नवाकोरा, राखाडी रंगाचा सोफा, महेश-श्वेतानं हौसेनं आणलेला. महिन्याभरात त्याच्या डाव्या हाताच्या चिंध्या झाल्या आणि आतला पिवळा फोम बाहेर डोकावू लागला. श्वेताला मी वाईट म्हणणार नाही. ठाण्याला नोकरी, घरी यायला तिला आठ वाजत. त्या सोफ्यावर चहाचा कप घेऊन दहा मिनिटं बसणं एवढंच तिचं स्वतःचं असं होतं. "आई होत्या तोवर मी एक शब्द बोलले का?" ती मला म्हणाली, आणि ते खरं होतं.

काका माझ्याकडे आले. "मीना, मांजर नखा कित्या लावता, तां तुझ्या त्या फोनात बघ." मी वाचून दाखवलं. नखांवरची जुनी साल निघते, पाठ ताणली जाते, आणि पंजातून वास सुटतो, म्हणजे ही जागा माझी आहे असं ती लिहून ठेवते. काकांनी तेवढं परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे सही करता ती. सुमन गेली तेव्हा इतक्या कागदांवर माझी सही घेतली. हिची कोणी इचारूक नाय."

मला हसू आलं होतं. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

पहिला खांब मीच आणला. घाटकोपरच्या दुकानातून, गुडघ्याएवढा, वर लोंबता चेंडू. ठकूनं पुढचे पाय टेकले, खांब तिच्या अंगावर कलंडला, आणि ती कपाटावर जाऊन बसली ती जेवायलाच उतरली. काकांनी तो खांब उलटा करून त्याचं बूड बघितलं, मेलेला उंदीर धरावा तसा धरून माझ्याकडे परत दिला. "ह्येका फाउंडेशनच नाय. तिनं जीव टाकायचा कशावर? आणि उंची बघ. ती सगळी ताणली तर तीन फूट होता. ही काय बाहुली आसा?" आणि मग त्यांनी स्वतः करायला घेतलं.

त्यांचा पहिला खांब, म्हणजे एकूण दुसरा, बघायला इमारतीतली माणसं आली. खाली मोटारीची जुनी लोखंडी प्लेट, तिच्यावर छातीएवढा लाकडी दांडा, त्याच्यावर काथ्याची दोरी. एका वेढ्यात नि दुसऱ्या वेढ्यात केस जाणार नाही. पण वाइंडिंग झालं की वार्निश करायचं, ही त्यांच्या हातांची सवय. त्यांनी गच्चीत नेऊन त्या दोरीला दोन हात वार्निश दिलं आणि उन्हात वाळवलं. काचेसारखा चकचकीत खांब. ठकू चार हातांवरून वास घेऊन शिंकली आणि निघून गेली. "काका, नखं रुतायला हवीत ना, ह्याच्यावर ती घसरतील," मी म्हटलं. "वार्निश नाय केलंस तर कॉइल सुटतली!" काका माझ्यावरच ओरडले. दोन दिवसांनी त्यांनी दोरी उलगडून टाकली आणि कुणाला सांगितलं नाही.

तिसरा घायपाताच्या दोरीचा. तो चांगला होता, पण श्वेतानं तो गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागं ठेवायला लावला, हॉलमध्ये बरं दिसत नाही म्हणून. ठकू तिकडे फिरकलीसुद्धा नाही. महेशनं एका रविवारी तिला उचलून नेलं, तिचे पुढचे पंजे धरून दोरीवर घासले, "असं कर, असं," म्हणत. त्यानंतर ती गॅलरीचं दार उघडलं तरी पळायची. काका त्याला काही बोलले नाहीत, मला येऊन सांगितलं. "हाताक धरून काम शिकवलेलो माणूस जन्मात शिकणा नाय. बघू दे नि सोडून दे. आणि सही काय कोण वॉशिंग मशीनच्या मागं जाऊन करता? सही चार माणसांत करतत."

चौथ्या खांबाच्या वेळी मात्र त्यांचं दार दोन दिवस लोटलेलं होतं. एरवी त्यांचं काम उघड्या दारात चालायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दोरीचं टोक धरायला लावायचे. मला वाटलं, रुसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. खांब हॉलमध्ये, सोफ्याच्या फाटक्या हाताला खेटून उभा होता. तीच प्लेट, तीच घायपाताची दोरी, फक्त दांडा जरा जाड वाटत होता. ठकू आली. खालून वास घेत घेत वर गेली, मग परत खाली आली. तिनं त्या दोरीला गाल लावला आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. मग मागच्या पायांवर उठली, लांबच लांब ताणली गेली आणि दोन्ही पंजांनी जी सुरुवात केली, की दोरीचा भुसा उडायला लागला. "टेस्टिंग पास," काका म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ आतच होते.

सोफ्याला पुन्हा नख लागलं नाही. दोन महिने वाट बघून श्वेतानं सोफ्याला नवं कापड चढवून घेतलं. त्या संध्याकाळी मीही तिथं होते. ती म्हणाली, "बाबा, आता मात्र ह्याला नख लागलं तर ठकूला कुणाला तरी देऊया. मला परत परत नाही जमणार." रागानं नाही, थकून बोलली. काका म्हणाले, "कबूल."

वर्षभरात खांबाची दशा झाली. मधली दोरी पिंजून दाढीसारखी लोंबू लागली, केस अडकले, एक उग्र वास येऊ लागला. श्वेता म्हणाली, बाबा, नवी दोरी गुंडाळा की. काकांनी मान हलवली. "फाटलो म्हणजे चालू आसा. ह्येच्यावर तिच्या सगळ्या सहयो आसत. पुसून कसा चलात?" पण त्याच सुमारास त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टरांनी हे वाढत जाणार असं सांगितलं. तेव्हा काकांनी घाईघाईनं आणखी एक खांब करून ठेवला, गोणपाटात बांधून आपल्या पलंगाखाली सरकवला. मला दाखवला. "हात चलतत तवसर एक करून ठेवलंय. पण ह्यो एकदम नाय लावूचो. कारखान्यात नवो माणूस जुन्याच्या बाजूक महिनोभर उभो करीत. तसो ह्यो जुन्याच्या बाजूक ठेवायचो. तिनं ह्येच्यावर पण सही केली, की मगे जुनो काढायचो." मी ऐकलं. मान डोलावली. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्या वर्षी गणपतीला परब मंडळी नेहमीसारखी गावी निघाली. घर रिकामं तेवढ्यात रंग काढून घ्यायचा, असं महेशनं ठरवलं. किल्ली माझ्याकडे, रंगाऱ्यावर लक्ष माझं, आणि ठकू आमच्याकडे. खांबही तिच्याबरोबर आला. काकांनी स्वतः, थरथरत्या हातांनी, महेशला हात लावू न देता, तो आमच्या हॉलमध्ये आणून ठेवला. मग सूचना. दूध द्यायचं नाही, खिडकीची जाळी लावायची, शिंकली तरी घाबरायचं नाही, पाणी बदलायचं. "काका, मी दोन पोरं वाढवलीत," मी म्हटलं. "पोरां बोलतत गो," म्हणाले आणि गेले.

आमच्याकडे गौरी असतात. गौरीजेवणाच्या सकाळी मुलुंडहून माझी नणंद आली. सजावट झाली होती, रांगोळी झाली होती, दुपारी हळदीकुंकवाला बायका येणार होत्या, आणि हॉलच्या मधोमध तो पिंजलेला, केसाळ, वास मारणारा खांब. "अगं वहिनी, हे काय आहे?" नणंदेनं नाकाला पदर लावला. "गौरी घरात आल्यायत आणि हे फाटकं-तुटकं? आईनं चालवून घेतलं असतं?" सासूबाईंचं नाव निघालं की माझं डोकं चालत नाही. सणाच्या आधी घरातलं जुनंपानं बाहेर काढायचं, हे माझ्या हाडात भिनलेलं. मी मनाशी म्हटलं, काकांनी नवा करून ठेवलाच आहे. घराला नवा रंग लागतोय, नवा खांब लावू, परत येतील तेव्हा खूश होतील. महिनाभर शेजारी ठेवायचं वगैरे त्यांचं कारखान्याचं वेड. मी वॉचमनला वर बोलावलं आणि खांब त्याच्या हाती दिला. "कचऱ्याच्या गाडीत टाक, आत्ताच." त्यानं तो खांद्यावर घेतला. ठकू पलंगाखालून बघत होती.

त्यानंतर मी जे केलं ते मी अभिमानानं केलं, हे लिहायलाच हवं. रंगारी गेल्यावर मी काकांच्या पलंगाखालून गोणपाट ओढलं, नवा खांब काढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि त्यांच्या हॉलमध्ये अगदी जुन्याच्या जागी, फरशीच्या रेघेला रेघ लावून उभा केला. दारात उभं राहून बघितलं. पांढऱ्या भिंती, राखाडी सोफा, सोनेरी खांब. झकास दिसत होतं.

परब मंडळी संध्याकाळी उतरली. काका पिशवीसकट हॉलमध्ये आले आणि थांबले. "जुनो खय?" मी तोंड उघडलं तेव्हा खरं सांगण्यासाठीच उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि भलतंच बाहेर आलं. "अहो, मी कालच आणून दारात ठेवला होता. रंगाऱ्यानं कचरा समजून टाकला वाटतं. म्हणून मग मी नवा लावला." महेश चिडला, फोन काढून रंगाऱ्याला झापायला निघाला. काकांनी त्याचा हात धरला. "नको. ऱ्हवांदे." मग मला म्हणाले, "दमलं असशील. घरी जा."

ठकूला मी आमच्याकडून आणून सोडलं. ती भिंतींच्या कडेकडेनं फिरली. जिथं तिथं रंगाचा वास, तिचा स्वतःचा कुठंच नाही. नव्या खांबाचा तिनं वास घेतला आणि पुढं गेली. मग जुन्या खांबाच्याच जागेभोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि तोंड वर करून एक असा आवाज काढला, जो मी तिच्या तोंडून काकी गेल्या तेव्हाच ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सोफा फाडला. या वेळी दोन्ही हात. सुट्टी होती, सगळे घरात होते. आवाज ऐकून मीही गेले. श्वेता ओरडली नाही. ती खुर्चीत बसली आणि तिनं कपाळाला हात लावला. महेश खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, ठरलं होतं आपलं." काका पलंगावर बसले होते. उजवा हात मांडीवर नाचत होता, डावा त्याच्यावर दाबून धरलेला. त्यांनी ठकूकडे बघितलं, सोफ्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, मी त्यांच्या बाजूनं दोन शब्द बोलावेत असं त्यांना वाटतंय. आणि मला बोलता आलं असतं. चूक मांजराची नाही, माझी आहे, मी तिचा खांब फेकला, तिला एक महिना द्या, असं मी म्हणाले असते तर श्वेतानं दिला असता. ती तशी बाई होती. पण मग कालचं खोटं उघडं पडलं असतं, सोळा वर्षांच्या शेजारात. मी फरशीकडे बघितलं. काका म्हणाले, "होय. ठरला होता."

ठकू बोरिवलीला गेली, महेशच्या ऑफिसातल्या एका बाईंकडे. मांजरांची माया असलेलं घर होतं. महेश नवा खांब बरोबर न्यायला निघाला होता, काका म्हणाले, नको, तो तिचा नाही, आणि तो परत पलंगाखाली गेला. दोन आठवडे ती तिथं कपाटामागं बसून होती. मग एका सकाळी कामवालीनं दार उघडलं आणि ती निसटली. त्या बाईंनी जिने शोधले, आसपासच्या इमारतींत चिठ्ठ्या लावल्या. बिचाऱ्या रडल्या फोनवर.

काका दर गुरुवारी बोरिवलीला जाऊ लागले. दोन बस बदलून. त्या इमारतीच्या आवारात, उभ्या गाड्यांच्या खाली वाकून वाकून "ठकू, ठकू" करत. एकदा मी बरोबर गेले. वाकल्यावर त्यांना उठता येत नव्हतं. तिथल्या एका गृहस्थानं विचारलं, "आजोबा, नातीला शोधताय का?" काका म्हणाले, "नाय. वळखीची आसा." पावसाळा सरला, दिवाळी झाली. मग पायही थरथरू लागले आणि गुरुवार बंद झाले. मांजर सापडलं नाही.

त्या हिवाळ्यात ते रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे, तोही अर्धाच भरायचा. मी काहीबाही बोलत राहायचे. असंच एकदा मी म्हणाले, "त्या मेल्या रंगाऱ्यानं घोटाळा केला नसता तर..." काकांनी कप खाली ठेवला. "रंगाऱ्याचा नाव घेऊ नको, बाय माझे. गरीब माणूस. त्येका काय ठाऊक?" मला वाटलं, किती मोठं मन.

मग ते आपणहून बोलायला लागले. "तुका एक गंमत सांगतंय. मोटारीत तार घालूच्या आधी कागद घालूचो लागता. इन्सुलेशन. लोखंडाक तार उघडी लागली तर जळता. चवथ्या खांबाक माका कागद मिळाक नाय." ते हसले. "खोटा कित्या बोलू? कागद होतो. पण सुमनचा एक लुगडा ऱ्हवला होता. बाकीची सगळी श्वेतान अनाथाश्रमात दिली, बरा केल्यान. ह्या मी लपवून ठेवलेलंय. न धुतलेला. ओट्याकडे नेसायची, तां. तां गुंडाळलंय दांड्याक, आणि वर दोरी मारलंय. म्हणान ती इली गो. माझा वाइंडिंग बघून नाय इली."

माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली, एवढंच आठवतं. दोन दिवस लोटलेलं दार, जाड दांडा, दोरीला लावलेला गाल. काकींची शेवटची साडी मी कचऱ्याच्या गाडीत पाठवली होती, नणंदेनं नाकाला पदर लावला म्हणून. त्याच घडीला मी त्यांचे पाय धरायला हवे होते. मी विचारलं, "आणखी चहा घेता?" काका म्हणाले, "नको. आज पुरे." आणि भिंतीला धरत धरत गेले.

फाल्गुनात काका गेले. सकाळी खुर्चीत बसले होते, तसेच. बाराव्या दिवशी महेशनं पलंगाखालची आवराआवर केली आणि तो पाचवा खांब माझ्याकडे आणून ठेवला. "ताई, हा तुम्हीच ठेवा. टाकवत नाही, आणि घरात बघवत नाही." मी तो ठेवून घेतला. नखाचा एक ओरखडा नाही त्याच्यावर. खालून वरपर्यंत वेढ्याला वेढा लागलेला, आणि अगदी वरच्या दहाबारा वेढ्यांत मात्र फट आहे. तिथं हात थरथरला असणार. माझं करंगळीचं टोक आत जातं.

त्याच संध्याकाळी खाली गेटपाशी वॉचमन भेटला. "काका अच्छे आदमी थे, मॅडम," तो म्हणाला. "वो खंभा याद है? गांव से आये, उसके दूसरे दिन सवेरे सवेरे मेरे पास आ गये पूछने. मैं बोला, मॅडमने नीचे भेजा था, वो तो गाडी लेके गयी. थोडा टाइम इधर ही स्टूल पे बैठे. फिर बोले, ठीक है, किसीको बोलना मत."

दुसऱ्या दिवशी सकाळी. सोफा फाटला त्या दुपारच्या आधी. म्हणजे "ठरला होता" म्हणाले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर ठकू राहिली असती आणि माझी अब्रू गेली असती, आणि ते बोलले नाहीत. रंगाऱ्याचं नाव घेऊ नको म्हणाले तेव्हाही ठाऊक होतं. लुगड्याचं सांगितलं तेव्हाही. ते मला शिक्षा म्हणून सांगितलं, की निदान आता तरी मी बोलेन म्हणून सांगितलं, की दुसरं कुणी सांगायला उरलंच नव्हतं म्हणून, हे आता विचारायला माणूस नाही.

त्या दुपारी ते माझ्याकडे बघत होते, ते मदत मागायला नव्हे. मला बोलायची संधी देत होते. आणि मी फरशीकडे बघत राहिले.